बासष्ट पिशव्यांच्या बाई

सकाळी पावणेसातला दार वाजलं म्हणून दूधवाला समजून मी उघडलं, तर दारात एक बाई उभ्या. अंगावर सुती साडी, पायांत कारखान्यात घालतात तसले काळे सेफ्टी शूज आणि हातात अर्धवट सडलेलं पडवळ. त्याला चहाचा चोथा लागलेला होता.

"हे तुमचं ना?"

मला काही कळेना. त्यांनी वाट पाहिली नाही.

"ओल्या कचऱ्यात सापडलं. सोबतच्या पाकिटावर तुमच्या फ्लॅटचा नंबर होता. पाच दिवस फ्रीजमध्ये ठेवून मारलंत याला. येत्या शनिवारी तुम्हाला पिशवी नाही."

पडवळ माझ्या हातात देऊन त्या जिन्याने खाली गेल्या. लिफ्ट त्या वापरत नसत, हे पुढे कळलं.

मी भयंकर संतापलो. भाजी आमची, कचराही आमचा, आणि ही कोण परकी बाई डब्यात हात घालून आमच्या घरचं पडवळ ओळखणार? डोंबिवलीहून बदलापूरला राहायला येऊन आम्हाला तीन महिनेही झाले नव्हते. बायकोने कसल्याशा भाजीच्या योजनेत नाव घातलंय, एवढंच मला माहीत होतं. मी आरडाओरडा केला तशी ती शांतपणे म्हणाली, "बाई आहेत त्या. तशाच आहेत."

शनिवारी खरोखरच पिशवी आली नाही.

बाई जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्यावर रागावलेल्या माणसांची यादी केली तर आमचं अख्खं कॉम्प्लेक्स तीत येईल, आणि पहिलं नाव माझं असेल. पण राग धरायला बाई काही सोप्या नव्हत्या. आज त्यांच्यावर चिडावं, तर उद्या असं काही घडे की तोच राग आपल्याच अंगावर येई.

त्यांचं लहानपण अंबरनाथच्या बुवापाड्यात गेलं. पुढे अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कारखान्याचं कॅन्टीन त्यांनी चालवलं. तीन शिफ्ट, चारशे माणसं. निवृत्तीनंतर आमच्या कॉम्प्लेक्समध्ये तळमजल्यावर वन आरके घेऊन एकट्या राहिल्या. एकट्या असूनही त्यांचा हात दहा माणसांच्या खाली कधी आला नाही. आमटी केली तर टोप भरून. मग वॉचमन, झाडूवाल्या आणि सापडेल तो डिलिव्हरीवाला त्यांच्या दारात ताटली घेऊन बसलेला असे. चव यथातथाच होती. मीठ तर कायम चारशे माणसांच्या अंदाजाने. पण ताटात कोणी काही टाकलं की त्या एवढंच म्हणत, "पंगतीला बसलात. मेन्यूकार्ड मागू नका."

योजनाही याच तत्त्वावर चाले. बारवी धरणाच्या वाटेवरच्या ठाकरवाडीतली तीन घरं भाजी पिकवायची आणि आमच्या सात इमारतींतली बासष्ट घरं ती खायची. हंगामाचे पैसे आधीच भरायचे आणि दर शनिवारी शेतात जे निघेल ते पिशवीतून घ्यायचं. निवड करायची सोय नाही. पावसाळ्याच्या तोंडावर शेवळं, मग टाकळा, कुर्डू, कंटोली अशा रानभाज्या. श्रावणात पडवळ, शिराळी, काकड्या. थंडीत वाल, मुळा, वांगी. अतिवृष्टीने काही आलंच नाही, तर रिकामी पिशवी घ्यायलाही यायचंच. "शेत उपाशी राहिलं की आपणही थोडं राहायचं," असं म्हणून बाई रिकामी पिशवी हातात देत.

पिशव्या मात्र अस्सल उल्हासनगरच्या होत्या. तिथल्या जीन्सच्या कारखान्यांत उरणारं कापड एक सिंधी व्यापारी बाईंना शिवून देई. "दीदी, इतना मजबूत थैला? सब्जी डालोगी के सीमेंट?" असं तो दरवेळी विचारी, आणि बाई दरवेळी सांगत, "भोपळा."

शनिवारी बरोबर सातला त्या पार्किंगमध्ये स्टीलच्या ताटावर डाव आपटत. कॅन्टीनची सवय. साडेसातनंतर येणाऱ्याची पिशवी वॉचमनला जाई, मग तुम्ही ताप घेऊन आलेले असा नाहीतर तिरडीवरून उठून आलेले. नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, कुणाला काय आवडत नाही तेवढं राहायचं. सातव्या मजल्यावरचे बँक मॅनेजर म्हणजे "वांगंवाले". समोरच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाई "कारलं". मी अर्थातच "पडवळ."

लोकही काय कमी होते? भाजीला माती लागलीय, ही तक्रार. ब्रोकोली का नाही, ही दुसरी. एकीने तर वांग्यातल्या अळीचा फोटो ग्रुपवर टाकून खाली तीन लाल तोंडं काढली. बाई टाइप करत नसत, आवाजी मेसेज टाकत. तेव्हाचा त्यांचा मेसेज आमच्याकडे कितीदा तरी ऐकला गेला: "अळी आधी खाऊन बघते. तिला काही झालेलं नाही. तुम्हालाही होणार नाही."

शेवळांच्या वेळी तर कहर झाला. शेवळं नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यांच्याबरोबर काकडं घालतात. हिरवी, आंबट, बोराएवढी फळं. बाईंनी प्रत्येक पिशवीत मोजून काकडं घातली होती आणि मेसेजही टाकला होता. चौथ्या मजल्यावरच्या एका घराने ती कच्ची म्हणून फेकून दिली, नुसती शेवळं खाल्ली आणि रात्रभर घसे धरून बसले. सकाळी ग्रुपवर शब्द होता "विषबाधा". बाई त्यांच्या घरी गेल्या, न विचारता स्वयंपाकघरात शिरल्या आणि काकडं घालून पुन्हा भाजी केली. चौघांना पुढ्यात बसवून ती खायला लावली. घरमालक म्हणाला, "हा अत्याचार आहे." बाई म्हणाल्या, "हो. पोळी घ्या अजून."

इथवर सगळं हसण्यावारी नेता येतं. यापुढचं नेता येत नाही.

वाडीवरून भाजी घेऊन हिरूबाई यायची. चाळिशीची, काटक आणि अगदी मितभाषी. तिचा दीर टेम्पो चालवायचा. पहाटे साडेपाचला ती पार्किंगमध्ये भाजी उतरवायची आणि सगळं आवरून निघेपर्यंत दहा वाजायचे. तिला वजनकाटा लागत नसे. हातात घेऊन ती बासष्ट ढीग सारखे लावायची. साऱ्या जगाला ओरडणाऱ्या बाई तिला मात्र कधी ओरडल्या नाहीत. दोघी शेजारी बसून तासभर न बोलता भाजी निवडायच्या.

मधल्या काळात मी सोसायटीचा सेक्रेटरी झालो होतो. एके दिवशी कमिटीकडे लेखी तक्रार आली. भाजीवाली बाई क्लबहाउसमधला संडास वापरते. तिच्या पायाला चिखल असतो. आमच्या मुली तिथे योगाच्या क्लासला येतात.

चेअरमन म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, गोड बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "माणुसकी वगैरे सगळं ठीक आहे हो. पण एकदा पायंडा पडला की पडला. उद्या पेपरवाला जाईल, परवा इस्त्रीवाला."

मीटिंगला आम्ही सात जण होतो. एकानेही विचारलं नाही की मग तिने जायचं कुठे. मीही नाही. उलट नोटीस लिहायचं काम मी हौसेने अंगावर घेतलं, कारण माझं मराठी चांगलं आहे असं सगळ्यांचं मत होतं. "बाहेरील व्यक्तींनी संकुलातील सामायिक सुविधांचा वापर करू नये, ही नम्र विनंती." संडास हा शब्द मी कटाक्षाने टाळला आणि त्याचं मला समाधानही वाटलं. क्लबहाउसला शनिवारी सकाळी कुलूप लागू लागलं.

बाई नोटीसबोर्ड वाचत नसत. हिरूबाईने कुणाला काही सांगितलं नाही; नोटीस लागल्यावर कुणाच्याच घरी संडास मागायचा तिला संकोच वाटे, अगदी बाईंच्याही. सहा शनिवार गेले. सातव्या शनिवारी ती भोपळ्यांच्या ढिगाशेजारी पोट धरून वाकली आणि तिथेच आडवी झाली.

बाईंनी आणि माझ्या बायकोने तिला रिक्षात घालून कुळगावातल्या दवाखान्यात नेलं. लघवीच्या जागेचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढला होता. डॉक्टर तिच्यावरच खेकसले, "पाणी पीत नाही का दिवसभर?"

"शुकरवारी दुपारपासना नाय पीत," हिरूबाई म्हणाली. "शनवारी घरी गेली का पिते."

"का?"

"तिथला बंद केलाय ना."

दुपारी मी जेवत असताना बायकोने हे मला शब्दाशब्दाने सांगितलं. शेवटी म्हणाली, "नोटीस तूच लिहिली होतीस ना? मराठी छान आहे."

मी ताटावरून उठलो नाही. उठायला हवं होतं असं आता वाटतं. वालाची उसळ होती, ती मी संपवली.

हिरूबाई दोन आठवडे आली नाही. तिसऱ्या शनिवारी ती आली तेव्हा बाईंनी ताट वाजवलं नाही. पिशव्या भरून टेबलावर रांगेत लावलेल्या होत्या आणि समोर एक वही उघडी ठेवली होती. लोक जमले तशा बाई उभ्या राहिल्या.

"ही हिरू. चार वर्षं तुम्हाला जेवू घालते. तिला इथे लघवीला जायला जागा नाही म्हणून ती पाणी पीत नव्हती. मरायला टेकली होती. माझं दार तिला उघडंच आहे, पण भाजी मी एकटी खात नाही. आज ज्याला पिशवी हवी त्याने या वहीत फ्लॅट नंबर लिहायचा. त्या घरचा संडास शनिवारी हिरूसाठी उघडा राहील. लिहिणार नाही त्याला पिशवी नाही."

मग कारणं सुरू झाली. एकाच्या घरी टाइल्सचं काम चाललं होतं. एकीच्या सासूबाईंचं सोवळं होतं. कुणाचं बाळ झोपलेलं असतं, कुणाच्या घरी शनिवारी कोणीच नसतं. वांगंवाले मॅनेजर म्हणाले, "बाई, हे ब्लॅकमेल आहे. आम्ही पैसे भरलेत."

"भाजीचे भरलेत," बाई म्हणाल्या. "ती भाजी जिने आणली ती काय आभाळातून पडली?"

भाड्याने राहणारी एक नर्स पुढे झाली आणि तिने पहिला नंबर लिहिला. मग एका म्हाताऱ्या जोडप्याने. मग माझी बायको गेली आणि तिने आमचा नंबर लिहिला. मी मागच्या खांबाला टेकून उभा होतो. चेअरमन माझ्याकडे बघत होते आणि मी माझ्या चपलांकडे.

अजून दोन नावं झाली. तेवढ्यात हिरूबाई उठली. इतका वेळ ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाईंच्याही नाही.

"बाई," ती म्हणाली, "माझ्या अंगाचा काम तू चावडीवर आनलास. मना इचारलास का?"

आवाज चढलेला नव्हता. तिने आपली टोपली उचलली आणि ती गेटकडे चालू लागली. बाई पहिल्यांदाच गोंधळलेल्या दिसल्या. "हिरू, अगं हिरू," करत त्या सेफ्टी शूज आपटत तिच्या मागे धावल्या.

टेबल राखायला आता कोणीच नव्हतं. आणि मग जे झालं त्याची चीड मला आजही आवरत नाही. लोकांनी पिशव्या उचलल्या. न भांडता, न ढकलता, रांगेने. टाइल्सवाल्याने घेतली, सोवळेवालीने घेतली. "पैसे भरलेत आपण," असं एकमेकांना सांगत सगळे लिफ्टकडे गेले. दहा मिनिटांत टेबल साफ झालं. वहीत पाच नंबर होते.

पुढच्या शनिवारी टेम्पो आलाच नाही. ग्रुपवर रिफंडची चर्चा सुरू झाली. रविवारी सकाळी बाई माझ्या दारात उभ्या. "सेक्रेटरी, स्कूटर काढ. वाडीवर जायचंय."

हिरूबाई नाचणीच्या शेतात गवत बेणत होती. आम्ही बांधावर उभे राहिलो. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा कामाला लागली. पाऊण तास तसाच गेला. मग बाईंनी शूज काढले, साडी खोचली आणि त्या अडुसष्टाव्या वर्षी चिखलात उतरून हिरूबाईच्या शेजारच्या ओळीत गवत उपटू लागल्या. चारशे माणसांचं कॅन्टीन चालवलेल्या बाई, पण शेतात कधी हात घातलेला नव्हता.

ओळ अर्धी झाली तशी हिरूबाई बोलली. "बाई, ती नाचनी हाय. गवत नाय."

बाईंच्या मुठीत रोपांचा जुडगा होता. त्या तशाच उभ्या राहिल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "नाचणीचं पण आणि त्या दिवसाचं पण. मला फार राग आला होता गं."

"तुला राग आला, ता बरा झाला," हिरूबाई म्हणाली. "पन राग माझा व्हता. तू हिसकून नेलास."

बाई उपटलेली रोपं पुन्हा चिखलात खोचायला वाकल्या. "र्‍हाऊ दे, जगनार नाय ती," म्हणत हिरूबाईनेच त्यांना हाताला धरून बांधावर आणलं. चहा झाला. मग तिने आपलं म्हणणं सांगितलं. ती आता सोसायटीत पाय ठेवणार नाही. भाजी बंद करायची नाही, पण ज्याला हवी त्याने वाडीवर यावं.

"इतक्या लांब कोण येणार?" मी म्हणालो.

"येतील ते येतील," असं दोघी एकदमच म्हणाल्या.

बासष्टांतली एकोणीस घरं आली. उरलेल्यांचे पैसे बाईंनी परत केले. शनिवारी सकाळी वाडीच्या तोंडावर आमच्या चारपाच गाड्या आणि स्कूटरी लागायच्या. हिरूबाई पिशव्या द्यायची आणि बाई तिच्या हाताखाली काम करायच्या. ताट वाजवायचं बंद झालं होतं. वेळ हिरूबाईची होती, ती म्हणेल तेव्हा वाटप.

त्या एकोणिसांत चेअरमनही होते. त्यांना मधुमेह होता आणि वाडीवरची कारली त्यांना मानवायची. दुसऱ्याच शनिवारी ते अस्वस्थपणे इकडेतिकडे बघू लागले. मधुमेही माणूस, खड्ड्यांचा रस्ता. शेवटी माझ्या कानाशी येऊन त्यांनी हळूच विचारलं, "इथे काही सोय आहे का हो?"

मी उत्तर द्यायच्या आत हिरूबाई उठली होती. तिने पिंपातून बादली भरली, घरामागच्या संडासाच्या दाराशी ठेवली, कडी काढून दिली आणि परत येऊन काकड्या लावू लागली.

चेअरमन बाहेर आले, हात पुसत म्हणाले, "अगदी स्वच्छ आहे हो!" आश्चर्य वाटलं होतं त्यांना. माझ्या मुठी वळल्या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. हिसकून नेऊ नकोस, असंच त्यांना म्हणायचं असावं.

मी दुसरं काहीतरी करायचं ठरवलं. पुढच्या मीटिंगमध्ये मी ठराव मांडला: ती नोटीस मागे घ्यावी आणि शनिवारीच काय, रोज, कॉम्प्लेक्समध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला क्लबहाउसचा संडास खुला करावा. या वेळी संडास हा शब्द मी तीनदा वापरला. ठरावाला अनुमोदक लागतो. मी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. चेअरमन तोवर तीन शनिवार हिरूबाईची बादली वापरून आले होते. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "पुढचा विषय घेऊ या."

मी तिथेच राजीनामा लिहिला, कागदपत्रं आणि बाकीचं सामान टेबलावर टाकलं आणि तरातरा खाली आलो. फार मोठं काही केल्यासारखं वाटत होतं. बाईंचं दार नेहमीप्रमाणे उघडं होतं. त्या जमिनीवर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. मी सगळी हकीकत सांगितली. कोण काय बोललं, कोण गप्प बसलं, मी राजीनामा कसा फेकला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "क्लबहाउसची चावी कोणाकडे असते?"

"सेक्रेटरीकडे."

"म्हणजे त्या सहा शनिवारी तुझ्याकडेच होती?"

"हो."

"आणि आज?"

"आज... देऊन आलो."

बाई मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शेंगांचा अर्धा ढीग माझ्या बाजूला सरकवला. मी खाली बसलो आणि सोलू लागलो.